इथे हजेरी घेत नाहीत

पुण्यात कुठल्याही चौकात जवळचा बार विचारा. दोघं रस्ता दाखवतील आणि तिसरा तिथला चकणा कसा असतो तेही सांगेल. दारू सोडू पाहणाऱ्यांची मीटिंग कुठे भरते, हे मात्र कुणाला विचारायचं तेच मला कळत नव्हतं. रिक्षावाल्याला? सोसायटीच्या वॉचमनला? की ऑफिसातल्या शिपायाला, ज्याच्याकडे साऱ्या शहराची माहिती असते आणि ती साऱ्या शहराला पुरवायची हौसही असते?

केंद्र सरकारने 'एम्स'कडून करून घेतलेल्या सर्वेक्षणाचे आकडे 2019 साली प्रसिद्ध झाले. देशात सुमारे 16 कोटी माणसं दारू पितात. त्यांतल्या 5.7 कोटींना मदतीची गरज आहे. आणि दारूवाचून ज्यांचं चालतच नाही अशा 38 जणांमागे जेमतेम एकाला कसला ना कसला उपचार मिळतो. उरलेले 37 कुठे अडकत असतील याची बरीच कारणं असणार, पण त्यांतलं एक मी खात्रीने सांगू शकतो. पत्ता विचारण्यापाशी.

मी लेखापरीक्षक आहे. पतपेढ्या, गृहनिर्माण संस्था, अधूनमधून एखादी दूध संस्था, अशा सहकारी संस्थांची दप्तरं तपासण्यात आयुष्य गेलं. माणूस काय म्हणतो ते ऐकून घ्यायचं आणि व्हाउचर काय म्हणतं ते लिहायचं, ही आमची रीत. त्यामुळे दारू सोडवणारी कुणी मंडळी आहेत असं कळलं तेव्हा माझ्या डोक्यात आपोआप एक संस्था उभी राहिली: दारावर बोर्ड, आत काउंटर, छापील अर्ज, फी, पावती आणि काउंटरमागे मान वर न करणारा एक माणूस. यातलं काहीच सापडेना, तिथून माझा गोंधळ सुरू झाला.

नाव सुचवलं आमच्या डॉक्टरबाईंनी. रक्ताच्या रिपोर्टात लिव्हरचे आकडे चढलेले होते, सोनोग्राफीत चरबी दिसत होती. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "ठीक आहे, उद्यापासून बंद." शाबासकी मिळेल असं वाटलं होतं, तर बाईच दचकल्या.

"असं स्वतःच्या मनाने एकदम बंद करायचं नाही हं. रोज घेणाऱ्याने अचानक थांबवली तर हात कापतात, घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिटसुद्धा येऊ शकते. काहींना त्यानंतर भास व्हायला लागतात. जिवावर बेततं ते."

त्यांनी उतरत्या प्रमाणात घ्यायच्या गोळ्या दिल्या, बी-वन दिलं आणि रोज येऊन दाखवून जायला सांगितलं. मग पेन बाजूला ठेवून म्हणाल्या, "शरीराचं मी बघते. पण संध्याकाळी सात वाजता तुम्हाला जे होतं, त्याला माझ्याकडे गोळी नाही. मुक्तांगणात दाखल होता का?"

येरवड्याचं मुक्तांगण पुण्यात कुणाला माहीत नाही? डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 साली, पुलं आणि सुनीताबाईंनी दिलेल्या देणगीच्या बळावर ते सुरू केलं. पण दाखल व्हायचं म्हणजे रजा, आणि रजा म्हणजे कारण. मी घुटमळलो.

"मग निदान ए.ए.ला जा," बाई म्हणाल्या. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस.

"ऑफिस कुठे आहे त्यांचं? प्रमुख कोण?"

"ते मला नाही माहीत. फोन करा."

फोन मी गाडी पार्किंगमध्ये लावून, काचा वर करून केला. पलीकडच्या माणसाने आपलं नाव सांगितलं आणि लगेच म्हणाला, "मी अल्कोहोलिक आहे. बोला." मला वाटलं, चुकून पेशंटनेच फोन उचलला.

"मला जबाबदार व्यक्तीशी बोलायचंय," मी म्हणालो.

"माझ्याशीच बोला. आज फोन माझ्याकडे आहे."

आडनाव त्याने विचारलं नाही. किती पितो, कधीपासून, हेही नाही. आत्ता प्यायला आहात का, एवढंच विचारलं. नव्हतो, गोळ्या चालू होत्या. "झकास," तो म्हणाला, "म्हणजे आजचा दिवस तर चांगला चाललाय. राहता कुठे?"

सहकारनगरला, असं सांगितल्यावर त्याने जवळचा एक ग्रुप सांगितला. तिथे आठवड्यात दोनदा मीटिंग असते, पण सोमवारची क्लोज्ड आहे, म्हणाला.

"बंद कशामुळे पडली?" माझ्या डोळ्यांपुढे अवसायनात निघालेली संस्था उभी राहिली.

तो हसायला लागला. क्लोज्ड म्हणजे ज्याला स्वतःला पिण्याचा त्रास आहे त्याच्यापुरती. ओपन मीटिंगला बायको, भाऊ, डॉक्टर, कुणीही येऊन बसू शकतं. दोन्ही मला चालल्या असत्या, पण मला जवळचा ग्रुपच नको होता. आमच्या भागातला प्रत्येक पतपेढीचा चेअरमन मला ओळखतो. मी पिंपरीकडचं काही आहे का असं विचारलं. एवढ्या लांब का, असं त्याने विचारलं नाही. शाळेचं नाव, दुसरा मजला आणि संध्याकाळी सातची वेळ सांगितली.

महापालिकेची शाळा सापडली. बोर्ड अर्थातच कुठे नव्हता. फाटकापाशी वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. मी खाकरून "वर ती एक मीटिंग..." असं सुरू केलं, तर त्याने मोबाइलमधून डोकं न काढता जिन्याकडे बोट केलं.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत उजेड होता. मी पहिलीत शिरलो. चौथीच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन पंधरा-वीस माणसं बसली होती, चेहरे वैतागलेले. हेच ते, असं समजून मागच्या बाकावर टेकलो. एक गृहस्थ उभे राहून सांगत होते, "गेली चार वर्षं मी हे निमूटपणे सहन करतोय." मी मान डोलावली. एक बाई म्हणाल्या, "आता लपवाछपवी पुरे झाली." मला अगदी भरून आलं. मग कुणीतरी 'सिंकिंग फंड' म्हणालं. ती एका हाउसिंग सोसायटीची सभा होती, आणि त्यांनी सिंकिंग फंडातले पैसे रंगकामाला वापरले होते. ओठांवर आलेला आक्षेप गिळून मी बाहेर पडलो.

शेजारच्या दारात एक वयस्कर गृहस्थ उभे होते. पुढे सगळे त्यांना काका म्हणतात हे कळलं.

"या. पहिल्यांदाच ना?"

"कसं ओळखलंत?"

"आधी तिकडे गेलात. नवीन माणूस उजेड दिसेल त्या पहिल्या खोलीत शिरतो."

ही खोलीही तशीच. भिंतीवर पाढे, अवयवांचा तक्ता, आणि त्यांच्यावरून टांगलेले दोन कापडी फलक. एकावर बारा पायऱ्या, दुसऱ्यावर बारा परंपरा. टेबलावर दोन परदेशी गृहस्थांचे फोटो, 'फक्त आजचा दिवस' अशी पाटी, थर्मास आणि ग्लुकोज बिस्किटं. मी सवयीने रजिस्टर शोधलं. हजेरीपत्रक, सभासद यादी, मागच्या सभेचं इतिवृत्त, काहीतरी असेलच. काही नव्हतं.

माझ्या मुलाच्या वयाचा एक जण टेबलामागे बसला आणि त्याने एक निवेदन वाचलं. वर्गणी नाही, फी नाही. कुठल्या धर्माशी, पक्षाशी, संस्थेशी बांधिलकी नाही. पिणं थांबवायची इच्छा असली की माणूस सभासद झाला. इच्छा! तिचा पुरावा काय, ती कोण तपासणार, याबद्दल निवेदनात एक अक्षर नव्हतं. गंमत म्हणजे आपल्या राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि कागदोपत्री दारू प्यायला परवाना लागतो. तो मी जन्मात कधी काढला नाही. सोडणाऱ्यांकडून मात्र इथे कुणी कागद मागत नव्हतं.

मग एकेक जण बोलू लागला. नाव सांगायचं, मी अल्कोहोलिक म्हणायचं, आणि सगळ्यांनी एका सुरात 'हाय' म्हणून त्याचं नाव घ्यायचं. पहिल्यांदा तो आवाज झाला तेव्हा मी बाकावरून उडालोच. एका रिक्षाचालकाने पोराच्या फीचे पैसे कसे गेले ते सांगितलं. एका सुटाबुटातल्या माणसाने क्वार्टर लपवायच्या जागा सांगितल्या: स्कूटरची डिकी, कूलरची टाकी, देवघरामागचा कोनाडा. यावर खोली खदाखदा हसली. मी चक्रावलो. ज्याच्या घरात त्या कोनाड्यावरून रडारड झाली असणार, तो स्वतः सगळ्यांत मोठ्याने हसत होता. माझी जागा जुन्या संस्थांच्या फायलींमागे होती. ती इतकी अफलातून आहे अशी माझी समजूत होती. इथे तिला कुणी तिसरा नंबरही दिला नसता.

त्यांतल्या एकाच्या सांगण्यात सालं जुळत नव्हती. नोकरी आधी गेली की बायको आधी माहेरी गेली, हे दोनदा दोन प्रकारे आलं. माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला. पण कुणी शंका काढली नाही, खुलासा मागितला नाही, सल्लाही दिला नाही. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात, थँक्यू म्हणतात, पुढचा बोलतो. मधे बोलायचं नाही, असा इथला रिवाज आहे. इथे जे ऐकलं ते इथेच ठेवायचं, हा दुसरा. माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच म्हणालो की मी ऐकायला आलोय. त्यालाही थँक्यू मिळालं.

शेवटी एक कापडी पिशवी फिरली. मी नोट काढली आणि शेजाऱ्याला हळूच विचारलं, "पावती कोण देतं?" त्याने पिशवी माझ्यासमोरून तशीच पुढे नेली. पहिल्यांदा येणाऱ्याने टाकायचं नसतं म्हणे. सगळे उभे राहिले, हात धरले आणि एक छोटी प्रार्थना म्हटली. जे बदलत नाही ते स्वीकारण्याची शांतता, जे बदलता येतं त्यासाठी धैर्य आणि या दोहोंतला फरक ओळखायची अक्कल, एवढं तिच्यात मागतात. ती राइनहोल्ड नीबर या अमेरिकन धर्मचिंतकाची. अनोळखी पुरुषांचे हात धरून उभं राहायची वेळ लग्नानंतर माझ्यावर आली नव्हती, त्यामुळे मी बराचसा वेळ माझ्या तळव्यांना आलेल्या घामाचाच विचार करत होतो.

चहा घेताना मी काकांना गाठलं. "हे सगळं चालवतं कोण?"

"आम्ही."

"तसं नाही. अध्यक्ष, खजिनदार, नोंदणी क्रमांक?"

"खोलीचं भाडं आणि चहा पिशवीतून भागतो. टेबलामागे बसणारा बदलत राहतो. बाहेरून कुणी देणगी दिली तरी घेत नाही आम्ही."

देणगी नाकारणारी संस्था माझ्या उभ्या कारकिर्दीत मी पाहिली नव्हती. काकांनी मग ते दोन फोटो दाखवून गोष्ट सांगितली. पुढे मी ती वाचून पडताळली, सवयच तशी.

1935 चा मे महिना. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी गेला होता. काम फिसकटलं. दारू सुटून काही महिनेच झालेले. हॉटेलच्या लॉबीत एका टोकाला बार, त्यातून हसण्याबोलण्याचा आवाज येतोय. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. बिल टेलिफोनकडे गेला. त्याला डॉक्टर नको होता, पाद्रीही नको होता. दुसरा एखादा दारुडा हवा होता, ज्याच्याशी बोललं की आपली संध्याकाळ निभावेल. फोनामागून फोन करत तो एका बाईंपर्यंत पोचला. त्यांच्या ओळखीत एक पिणारे सर्जन होते, डॉ. बॉब स्मिथ. डॉक्टरांनी पंधरा मिनिटंच बसेन असं बजावलं होतं. दोघं सहा तासांहून जास्त बोलत बसले. डॉ. बॉबनी शेवटचा घोट घेतला तो दिवस ए.ए.चा स्थापना दिवस मानतात: 10 जून 1935.

"म्हणजे पहिला फोन उपचार मागायला नव्हता," काका म्हणाले. "ज्याने केला, त्यालाच तो करायची गरज होती. तुमचा फोन ज्याने घेतला ना, त्याचीही ती संध्याकाळ निभावली."

जबाबदार माणूस मागितला होता मी त्या बिचाऱ्याकडे.

पैशांची गोष्ट त्यानंतरची. बिलला इस्पितळं काढायची होती, पगारी माणसं नेमायची होती. धनाढ्य जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर यांच्याकडे 50 हजार डॉलरची मागणी गेली. 1938 साली त्यांनी 5 हजार दिले आणि पैशाने हे काम नासेल अशी भीती व्यक्त केली. नंतर स्वतःच्या पायावर उभं राहायचं, हीच एक परंपरा झाली. 1939 साली यांचं पुस्तक आलं, त्याच्याच नावावरून मंडळींचं नाव पडलं. भारतात हे 1957 मध्ये पोचलं. मालमत्ता नाही, सभासद यादी नाही, हुकूम देणारा नाही. आमच्या निकषांनी याला 'ड' वर्गाखेरीज काही देता येणार नाही, आणि 'अ' वर्गाच्या कितीतरी संस्था बुडालेल्या मी पाहिल्या आहेत.

पुढच्या दिवसांत गोंधळ कमी झाला असं नाही. नवीन माणसाने नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा कराव्यात असं सांगतात. मी विचारलं, रोज इथेच? नाही; आज या पेठेत, उद्या त्या उपनगरात, एक मराठी, एक हिंदी, एक इंग्रजी. मीटिंगांची यादी असते, ती वाचायला शिकावं लागतं. अधिक काळ दारूशिवाय राहिलेला एक जण तुमचा स्पॉन्सर होतो. त्याला 'पैसे किती द्यायचे' असं विचारू नये, मी विचारलं. पायऱ्यांमध्ये ईश्वर येतो तेव्हा मी अडलो. आमचं घर सत्यनारायणसुद्धा न घालणारं. माझा स्पॉन्सर म्हणाला, "आपल्याहून मोठं काहीतरी आहे एवढं मान. सध्या हा ग्रुपच मोठा धर, आपण दोघंही त्याच्याहून लहानच आहोत." हे मला पूर्ण पटलं नाही. पटलं पाहिजे असा आग्रहही कुणी धरला नाही.

मग मी पुरावा शोधला. 2020 साली 'कॉक्रेन' या वैद्यकीय आढावे घेणाऱ्या संस्थेने 27 अभ्यास, 10,565 माणसं, असा हिशेब मांडला. माणसाला पद्धतशीरपणे ए.ए.शी जोडून देणारे उपचार हे दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत इतर मान्यताप्राप्त उपचारांपेक्षा सरस ठरले होते. सगळ्यांना लागू पडतं असं तिथे म्हटलेलं नाही, आणि खोलीतही कुणी म्हणत नाही. इथे येऊन पुन्हा प्यायलेले बरेच आहेत. त्याला 'स्लिप' म्हणतात. परत आलेल्याला दारातून कुणी फिरवत नाही.

हिने एक दिवस विचारलं, "अहो, तुमचं बोलायला एवढी माणसं. माझं कुणाशी बोलायचं?" तेव्हा कळलं की घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे ग्रुप आहेत, बिलच्या पत्नीने, लोइसने, 1951 साली मैत्रिणीच्या साथीने त्यांचं काम उभं केलं. ही आता तिथे जाते. तिकडे काय बोलते ते मला सांगत नाही. मीही विचारत नाही, म्हणजे विचारायचं नाही असं ठरवलं आहे.

रजिस्टर का नाही, हा माझा मूळ प्रश्न. त्याचं उत्तर कुणी दिलं नाही, पण मला ते माझ्यापुरतं सापडलं. अर्जात पत्ता मागितला असता तर मी जिन्यावरून परत गेलो असतो. फी असती तर महाग आहे म्हणालो असतो, आणि फुकट इस्पितळ असतं तर फुकटात कसली गुणवत्ता म्हणालो असतो. अध्यक्ष असता तर आठवड्याभरात त्याची चार लफडी शोधून काढली असती, कारण तोच माझा धंदा आहे. आणि कोर्सला शेवटची तारीख असती तर ती मी नक्की साजरी केली असती, कशाने ते सांगायला नको. पिणाऱ्याला पळायला जेवढी दारं लागतात तेवढी या लोकांनी आधीच काढून टाकली आहेत. बोर्ड नसण्याचा त्रास होतो तो आत येईपर्यंतच.

तर शोधणाऱ्यासाठी थोडं. रोज पीत असाल आणि सकाळी हात कापत असतील तर आधी डॉक्टर, मग मीटिंग, ए.ए.त औषध मिळत नाही. कुठून सुरुवात करावी तेच कळत नसेल तर 14446 ही व्यसनमुक्तीसाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. ए.ए.च्या फोनवर राहता तो भाग आणि मोकळी वेळ सांगा. एकट्याने जायचा धीर नसेल तर तेही सांगा, कुणीतरी फाटकापाशी येऊन थांबतं. दहा मिनिटं आधी पोचा. बोलायची सक्ती नाही, आडनाव कुणी विचारणार नाही. त्या दिवशी घेतलेली असेल तरी या, फक्त गप्प बसून ऐका. आणि फोनवर तोंडातून दुसरं काही निघत नसेल तर 'एका मित्रासाठी चौकशी करतोय' असं खुशाल म्हणा. पलीकडच्यानेही बहुधा अशाच एखाद्या मित्रासाठी पहिला फोन केलेला असतो.